पत्र्याच्या सहा मिलिमीटर पोटाची बखर

आज्ञा जाहली ऐसी की, पातळ पत्र्याच्या मोहिमेत कोण कोठे उभा होता, कोणाच्या हाती हातोडा होता आणि कोणाच्या हाती नव्हता, हे सारे जसे घडले तसे लिहोन ठेवावे. कारण चहाच्या सुट्टीत या एकाच प्रकरणाच्या तीन हकीकती सांगितल्या जातात, आणि तिन्हींत सांगणारा इसमच शूर ठरतो. सबब कारखान्याचे दफ्तर धुंडोन, चाचण्यांचे कागद पाहोन, ज्यांनी डोळ्यांनी पाहिले त्यांस एकेकटे गाठोन, आणि ज्यांनी काहीच पाहिले नाही परंतु तेच अधिक बोलत होते त्यांस लांबोन हात जोडोन, ही बखर सिद्ध केली. पदरचे काही घातले नाही. जेथे घातले तेथे वाचणारास आपसूक कळेल.

कारखाना म्हणजे दोन शेडांचे राज्य. पहिल्या शेडात पत्रा कापणे आणि वाकवणे, दुसऱ्या शेडात वेल्डिंग, आणि दोहोंच्या मध्ये काचेची एक खोली, तीत संगणक. मुलूख एवढाच, परंतु येथे लिफ्टची दारे बनत, आणि लिफ्टच्या दारासमोर भले भले लोक गुमान उभे राहतात, म्हणोन कारखान्यास आपल्या कामाचा अभिमान बहुत. दार म्हणजे सव्वा मिलिमीटर जाडीचा चकचकीत पत्रा, माणसाहून हातभर उंच, आणि मागील अंगास तीन पट्ट्या वेल्डिंगने जोडलेल्या, जेणेकरोन दार लेचेपेचे होऊ नये. पुढील अंग मात्र लखलखीत. लिफ्ट येईतो लोक त्यात पाहोन केस सारखे करितात.

या दुसऱ्या शेडाचे सरलष्कर, ठिणगीबहाद्दर, सपाटीचे सुभेदार, राजमान्य राजश्री मामा. वय छप्पन्न, पैकी तीस वर्षे वेल्डिंगच्या मुखवट्याआड गेली. पूर्वी त्यांस मिस्त्री म्हणत. मग त्यांची भाची कारखान्यात कामास लागली आणि पहिल्याच दिवशी तिने दारातोन "मामा" म्हणोन ऐसी हाक मारली की दोन्ही शेडांस ऐकू गेली, आणि तेव्हापासोन पॉलिशवाला मामा म्हणे, पॅकिंगच्या बाई मामा म्हणत, आणि खासे मालकही मामा म्हणत, जे वयाने त्यांहून चार वर्षांनी वडील. मामांची कीर्ती ऐसी की, त्यांच्या हातचा वाकडा पत्रा आजवर कोणी पाहिला नाही. वाकत नव्हता ऐसे नव्हे. कोणी पाहिला नाही, एवढेच.

आता शत्रू कोण ते सांगणे प्राप्त. शत्रूचे नाव ताण. वेल्डिंगची आच लागली की तेथील धातू तापोन पसरू पाहतो, परंतु शेजारचा थंड धातू त्यास तसूभर जागा देत नाही. मग तो दबतो, आणि आच पुढे सरकली की निवोन आखडतो, आणि आखडता आखडता शेजाऱ्यांस आपल्याकडे ओढितो. जाड पत्रा हा सारा ताण पोटात गिळोन उभा राहतो. पातळ पत्र्याच्या अंगी तेवढा दम नाही, तो सारे बाहेर दाखवितो, म्हणजे मध्येच फुगोन चांगले बोटभर पोट काढितो, आणि वरोन दाबले तर डब्ब ऐसा आवाज करोन दुसरीकडे फुगतो.

या शत्रूस मामांनी तीस वर्षे एका हातोड्याने जेर केले होते. वेल्डिंगच्या रेषेवरोन हलक्या हाताने ठोकत गेले की आखडलेला धातू पसरे आणि पोट बसे. ठक ठक करणे, मग थांबणे, मग डोळे मिटोन तळहात फिरवणे, आणि पुन्हा ठक ठक. परंतु ठोकोन बसवलेले पोट कायमचे बसत नाही. चार-सहा महिने दाराची उघडझाक जाहली की ते हळूच वर येई, आणि मग कोण्या इमारतीतील बाईंनी लिफ्ट कंपनीकडे लेखी तक्रार केली की, घरच्या आरशात मला एक हनुवटी दिसते आणि तुमच्या दारात दोन दिसतात, तरी खुलासा करावा. खुलासा करण्याची हिंमत कंपनीत कोणापाशी नव्हती.

तेव्हा कंपनीकडोन कारखान्यास खलिता आला. त्यातील मजकूर येणेप्रमाणे की, इतःपर साऱ्याच कारखान्यांत हातोडा बंद. वेल्डिंग करण्याआधीच पत्रा किती वाकेल हे गणिताने काढोन कागदावर लिहावे, मग वेल्डिंग करावे, मग तीन तास निवू देऊन मोजावे, आणि लिहिलेला आकडा व निघालेला आकडा जुळावा. कारण किती वाकेल हे ज्यास आधी कळते, तोच वाकू न देण्याची तजवीज करू शकतो. चाचण्या तीन. तितक्यांत कंपनीच्या तपासनिसाची खात्री पटली तर पुढील दोन वर्षांची सारी दारे या कारखान्याची, न पटली तर दुसरा कारखाना पाहू.

हे गणित करण्याकरिता जी नेमली ती भाची, मामांच्या थोरल्या बहिणीची कन्या, गणितधुरंधर, चष्मेबहाद्दर, वय सव्वीस. तिची आई, जिला मामा ताई म्हणत, हिने भाचीच्या नेमणुकीच्या दिवशी मामांस घरी बोलावोन स्वच्छ सांगितले होते, "तुझ्या भरवशावर पाठवतेय तिला. तिला कोणी बोललं तर मी तुला बोलेन." ताईचे बोलणे मामांनी लहानपणापासोन ऐकले होते, सबब त्यांनी मनाशी ठाम केले की, कारखान्यात भाचीस कोणी ब्र म्हणोन काढता कामा नये. पुढील सारा अनर्थ या मायेतोन उपजला.

पहिल्या चाचणीच्या आदल्या दिवशी भाचीने मामांस काचेच्या खोलीत नेऊन पडद्यावर त्यांचाच पत्रा दाखविला. कडेने निळा, आत हिरवा, आणि मधोमध लालभडक, जणू पत्र्यास गोवर उठला. मग तिने ताण कोठे साठतो, तो कोठोन वाट काढितो आणि पत्रा कोठे हार खातो, हे अर्धा तास समजावोन सांगितले. आणि मामांनी अर्धा तास मान हालविली, परंतु ऐकिले काहीच नाही, कारण ही पोर आपल्या खांद्यावर बसोन कान धरीत असे आणि आता चष्मा लावोन बोलते आहे, याच कौतुकात ते बुडाले होते. शेवटी तिने लाल आकडा दाखविला, सहा मिलिमीटर, तेवढा मात्र त्यांनी नीट पाहिला. शाळेत त्यांचे स्वतःचे गुण लाल शाईतच येत. मामांनी अर्थ लाविला ऐसा की, सहा म्हणजे पोरीच्या गणितातील खोट, आणि उद्या पत्रा खरोखर सहा मिलिमीटर वाकला तर सारे तिलाच बोलणार.

दुसरे दिवशी मामांनी सकाळी वेल्डिंग केले आणि पत्रा निववत ठेविला. मग जेवणाची सुट्टी जाहली आणि फौज डबे घेऊन मागील ओट्यावर गेली आणि शेड रिकामे पडले, तेव्हा मामा एकटे मागे राहिले, आणि खलित्यातील बंदी विकायच्या मालास आहे, चाचणीच्या पत्र्यास नव्हे, ऐसी मनाची समजूत घालोन त्यांनी हातोडा काढिला. पाऊण तासात पोट बसले. मग मोजणी जाहली. तपासनिसाने सरळ पट्टी पत्र्यावर आडवी धरोन फटीत माप सरकविले तो एक मिलिमीटर. लिहिले होते सहा.

मामा मुखवट्याआडोन हसत होते. परंतु भाचीचे तोंड पाहिले तो ते उतरलेले, आणि तपासनीस कागदावर फुली मारोन गेला. मामांस उलगडा होईना. पत्रा सरळ, आणि पोरगी रडवेली. हल्लीच्या मुलींचे काही कळत नाही, ऐसे म्हणोन ते घरी गेले.

भाचीने मग आपले गणित पुन्हा उसविले. आच आपण अधिक धरिली असावी, पट्ट्यांचा आधार कमी धरिला असावा, ऐसा आपल्याच अंगावर एकेक दोष घेत तिने पंधरा दिवस आकडे दाबोन दाबोन एकावर आणिले आणि दुसऱ्या चाचणीस एक मिलिमीटर लिहोन दिले. मामांनी तो आकडा पाहिला आणि संतोष पावले की, पोर सुधारली. हातोडा त्यांनी कोटाच्या खिशात तयार ठेविला. परंतु दैव पाहा, त्याच दिवशी मालकांची मर्जी ऐसी बहाल जाहली की, मागील खेपेस पत्रा इतका सरळ काढिला याबद्दल मामांचा सत्कार व्हावा, आणि ऐन जेवणाच्या सुट्टीत मामांस आपल्या खोलीत बसवोन, बिस्किटे पुढे करोन, त्यांनी सपाटीची थोरवी पाऊण तास गायिली. मामा खुर्चीच्या कडेवर बसोन घड्याळ पाहात होते. एकदा उठले, तो मालकांनी खांद्यावर हात ठेवोन पुन्हा बसविले. बाहेर आले तेव्हा मोजणी चालू होती, आणि पट्टीखालची फट निघाली सहा.

तेव्हा मालकांकडोन हुकूम सुटला ऐसा की, तिसरी चाचणी पुढील गुरुवारी, आणि तीही फसली तर गणिताचे काम बंद, संगणक हिशेबनिसाकडे जाईल आणि भाचीने माल रवाना करण्याच्या टेबलावर बसावे. हुकूम सौम्य शब्दांत होता. भाचीने तो वाचोन चार घड्या घातल्या आणि पर्समध्ये ठेविला.

रविवारी दुपारी मामा बहिणीकडे गेले. ताईने दारातच गाठले आणि हळू आवाजात म्हणाली, "तिनं राजीनामा लिहून ठेवलाय. मला दाखवला नाही, पण उशीखाली आहे. दोन दिवस धड जेवली नाही ती." मामा आत गेले, चहा आला, आणि भाची समोर येऊन बसली. कारखान्यात ती त्यांस तुम्ही म्हणे, घरात तू म्हणे, आणि हे घर होते.

"मामा, तूच सांग मला," ती म्हणाली. "पत्रा तोच, मशीन तेच, हात तुझाच. एकदा एक निघतो, एकदा सहा. पत्रा असा मनाला येईल तसा वागत असेल तर मी इतकी वर्षं शिकले ते काय?"

मामांनी विचारिले, "पहिल्यांदा तू किती सांगितला होतास?"

"सहा."

"आणि हा दुसरा निघाला किती?"

"सहाच. पण तेव्हा मी एक लिहिला होता ना."

मामांचा कप ओठांपाशी थांबला. तीस वर्षांत जे ध्यानी आले नव्हते ते त्या एका घोटात आले की, पोरीने पहिल्याच दिवशी, पत्र्यास हात लावण्याआधी, नुसत्या काचेच्या खोलीत बसोन, आपल्या हातोड्याविना काय होईल ते अचूक सांगितले होते. आणि आपण मायेने ते खोटे पाडिले, आणि मग तिने आपल्या खोट्यास खरे धरोन आपले खरे मोडिले. चहा अर्धा टाकोन मामा उठले. ताईने विचारिले काय जाहले, तर म्हणाले गोड जास्त आहे.

तेथोन पुढे तीन दिवस मामांच्या मनात जे युद्ध जाहले तसे कारखान्याच्या आवारात कधी जाहले नाही. एका अंगास भाची, दुसऱ्या अंगास तीस वर्षांची अब्रू. सांगावे तर हातोडाबंदी मोडल्याचा गुन्हा पदरी, नोकरी जाईल ती जाईल, परंतु मामांच्या हातचा पत्रा मुळातच सरळ निघतो ही जी ख्याती, तीही जाईल. सोमवारी ते सांगण्याच्या निश्चयाने काचेच्या खोलीपर्यंत चालोन गेले आणि "पंखा नीट चालतो ना?" ऐसे विचारोन परत आले. मंगळवारी पुन्हा गेले आणि पुन्हा पंख्याचीच चौकशी केली, तेव्हा भाचीने पंख्याकडे पाहिले आणि मग मामांकडे पाहिले. मामा घामाघूम.

बुधवारी ते गेले, आणि तोंडास शब्द न येता त्यांनी खिशातोन हातोडा काढोन तिच्या टेबलावर ठेविला. तो पडला संगणकाच्या कळांवर, आणि पडद्यावर एकच अक्षर ओळीच्या ओळी उमटू लागले.

"पहिला पत्रा सरळ निघाला नव्हता," मामा म्हणाले. "मी केला होता. जेवणाच्या सुट्टीत."

भाचीने चष्मा काढिला. "का?"

"तुला कोणी बोलू नये म्हणून."

अक्षर उमटतच होते. मग ती म्हणाली, "मामा, तो वाकणारच होता. मी तेच तर सांगत होते. तुम्ही पत्रा नाही ठोकलात, माझा आकडा ठोकलात." ऐसे म्हणोन ती रडली, आणि मग हातोडा उचलोन बाजूस ठेवताना पडद्याकडे पाहोन हसली, कोणी म्हणतात आधी हसली. मामांस मात्र लाज वाटली, आणि ती त्यांनी लपविली नाही. मग तिने दाबलेले आकडे पुसोन जुने गणित पुन्हा उभे केले, नव्या कागदावर सहा लिहिले, आणि हातोडा कपाटात घालोन कुलूप लाविले. किल्ली तिने मामांच्याच हाती दिली. मालकांस सांगावे काय, ऐसे मामांनी विचारिले, तर ती म्हणाली, उद्याचा पत्राच सांगेल.

गुरुवार उजाडला. तपासनीस आला, पत्रा पाहिला, भाचीचा कागद पाहोन पाकिटात बंद केला. मामांनी मुखवटा ओढिला आणि वेल्डिंग केले, आणि हात ऐसा चालला की ठिणग्याही रांगेत पडल्या म्हणतात. हे ज्याने सांगितले तो पहिल्या शेडात होता, सबब खातरजमा नाही. मग पत्रा निववत ठेविला. मग जेवणाची घंटा जाहली आणि मालक तपासनिसास घेऊन जेवावयास गेले, भाचीही गेली, आणि मामा पत्र्यासमोर स्टूल टाकोन बसले.

आता घनघोर प्रसंग. पत्रा निवत होता आणि निवता निवता फुगत होता. थोड्या वेळाने डब्ब ऐसा आवाज जाहला आणि मामांच्या डोळ्यांदेखत मधोमध पोट वर आले. आपल्या हातचा पत्रा आपल्यासमोर वाकतो आहे आणि आपण स्वस्थ बसलो आहो, हे दुःख ज्याचे त्यास ठाऊक. तळवे शिवशिवू लागले. खिशातील किल्ली मांडीस टोचू लागली. तेव्हा मामांनी आपलेच दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांवर भार देऊन बसले.

इतक्यात पॉलिशवाला चोरपावलांनी आला, अंगरख्याखाली लाकडी हातोडा. म्हणाला, "मामा, दोनच टिचक्या मारतो. भाचीबाईंचं काम आहे, कोणाला कळणार नाही." मामांनी नुसते त्याच्याकडे पाहिले, तो अंगरखा सावरीत परत गेला. तोच पॅकिंगच्या बाई आल्या, बगलेत गादी. त्यांचा मनसुबा अधिक मुत्सद्देगिरीचा की, ठोकण्यास बंदी आहे, बसण्यास नाही, "मी गादी टाकून घटकाभर नुसती बसते, मामा. आपोआप खाली जाईल." मामांनी त्यांस समजाविले की, बाई, हे पोट आपल्यालाच हवे आहे, त्यावर पोरीचे भवितव्य आहे. बाईंस हे काही पटले नाही, तरी मामांचा आवाज ओला ऐकोन त्या गादी घेऊन गेल्या. तात्पर्य, त्या दिवशी साऱ्या कारखान्यास भाचीची माया आली होती, आणि जो तो ती माया घेऊन पत्र्यावर चालोन येत होता.

सर्वांत शेवटी, जेवण अर्धे टाकोन, खासे मालक. खलिता त्यांस तोंडपाठ होता, आकडा जुळला पाहिजे हेही ठाऊक होते, परंतु पाहुण्यासमोर वाकडा पत्रा ठेवणे म्हणजे चुरगळलेल्या कपड्यांनी लग्नास उभे राहणे, हे त्यांच्या रक्तात होते. हातात फाईल, आणि फाईलीतोन रबरी हातोड्याचा दांडा बाहेर आलेला.

"मी सहज बघायला आलो होतो," मालक म्हणाले.

"बघायला हातोडा लागत नाही, मालक," मामा म्हणाले, आणि उठोन पत्र्याच्या व मालकांच्या मध्ये उभे राहिले. तीस वर्षांत मामा मालकांस आडवे गेले नव्हते. मालकांनी मामांकडे पाहिले, पोटाकडे पाहिले, मग फाईल पाठीमागे घेतली आणि "पंखा नीट चालतो ना?" ऐसे विचारोन ते निघोन गेले.

मग मोजणी जाहली. सारा कारखाना कडे करोन उभा. तपासनिसाने पट्टी धरिली, फटीत माप सरकविले, काढिले, पुसोन पुन्हा सरकविले, आणि आकडा वाचिला, सहा पूर्णांक एक दशांश. पाकीट उघडिले, त्यात सहा. गलका जाहला. पॉलिशवाल्याने फडके उडविले, आणि पॅकिंगच्या बाईंस आता कोठे कळले की आपण गादी टाकली असती तर काय जाहले असते, तेव्हा त्या गादीवरच मटकन बसल्या.

परंतु तपासनीस थंड. त्याने मागील कागद काढिले आणि म्हणाला, "एकदा जुळलं, ठीक आहे. पण पहिल्यांदा यांनी सहाच सांगितले होते आणि निघाला होता एक. मग आजचं जुळणं गणिताचं की नशिबाचं? मला काय लिहू सांगा."

गलका बंद पडला. उत्तर एकच होते आणि ते भाचीस ठाऊक होते. साऱ्यांनी तिच्याकडे पाहिले. तिने मान खाली घातली, पायापाशी पडलेल्या वेल्डिंगच्या कांडीच्या तुकड्याकडे पाहात राहिली, आणि तोंड उघडिले नाही. मामांनी ते पाहिले. पोर हातचे काम घालवील, राजीनामा देईल, परंतु मामाचे नाव घेणार नाही, हे त्यांस त्या खाली घातलेल्या मानेवरोन कळले, आणि तीन दिवसांचे युद्ध एका क्षणात निकालात निघाले.

"पहिला पत्रा मी ठोकला होता," मामा सर्वांदेखत म्हणाले. "तोही सहाच वाकला होता. आणि पहिलाच कशाला, माझा प्रत्येक पत्रा वाकतो. तीस वर्षं वाकतोय. मी लोक यायच्या आत सरळ करतो."

तपासनिसाने मालकांकडे पाहिले की, हातोडाबंदी मोडणारास काय शासन करणार. मालकांचे तोंड उघडले, आणि मग त्यांस काखेतील फाईल आठवली, आणि ते मिटले. मग तपासनिसाने पेन काढोन पहिल्या कागदावरील एक हा आकडा खोडिला, त्यापुढे लिहिले की पत्रा ठोकलेला, सबब ग्राह्य नाही, आणि दुसऱ्या व तिसऱ्या पत्र्याचे सहा व सहा शेजारी शेजारी मांडोन भाचीस विचारिले की, हे पोट दोनाच्या आत आणणे तुमच्या गणितास साधेल काय. भाचीने पडद्यावरील दुसरे चित्र कागदावर काढोनच आणिले होते. वेल्डिंग एका दमात न ओढता तुटक घ्यावे, मधोन सुरू करोन एकदा इकडे एकदा तिकडे, आणि पत्रा निवेतो शिकंजा सोडू नये, म्हणजे पोट दीड. तपासनिसाने कागद दोनदा वाचिला, आणि तिसऱ्या चाचणीच्या कागदावर खात्री पटली ऐसे लिहोन सही केली.

फौजेची पांगापांग जाहली तेव्हा भाचीने किल्ली मागोन घेतली, कपाट उघडिले आणि हातोडा आणोन मामांपुढे धरिला. कारखान्यात होती तरी तुम्ही म्हणावयाचे ती विसरली.

"घे, आता कर सरळ. मोजून झालंय. किती वेळ बघशील त्याच्याकडे असा?"

मामांनी डोळे मिटोन पत्र्यावरोन तळहात फिरविला, कडेपासोन मधल्या फुगवट्यापर्यंत आणि पलीकडे.

"राहू दे," ते म्हणाले. "तुझा आहे तो."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. पत्रा एक, जाडी सव्वा मिलिमीटर, आधी सांगितलेले पोट सहा, निघालेले सहा पूर्णांक एक, हातोडा लागला नाही. तो पत्रा विकला नाही, वितळविला नाही, दुसऱ्या शेडाच्या भिंतीस टेकोन उभा केला, आणि त्यावर कारखान्याच्या रिवाजाप्रमाणे काम करणाराचे नाव खडूने लिहिले. अक्षर मामांचे आहे, आणि नाव भाचीचे.